चौकटीवरच्या दोन रांगा

१२ फेब्रुवारी, बुधवार

चि. ढोल्यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद, आणि लगोलग तक्रार.

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. तू पाठवलेल्या फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापून आली आहे, तेव्हा कानावर हात ठेवायची सोय नाही. त्या वेळी तू हातात ब्रश घेऊन मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पांढरा ऑइलपेंट फासत होतास आणि वर बत्तिशी दाखवत होतास. फोटोमागे लिहिलं आहेस, ‘बाळाची खोली तयार होतेय!’ पुढे उद्गारचिन्ह.

भिंती रंगव, छत रंगव, हवं तर स्वतःला रंगव. चौकटीला हात लावायला तुला कोणी सांगितलं होतं? तू एक वर्षाचा होतास तेव्हापासून दर वाढदिवसाला तुला त्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी धरली आणि रेघ मारली. अकरा वर्षं. माझे गुडघे गेले म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं घर तुम्हा दोघांच्या हवाली करून मी इथे शाळेतल्या मैत्रिणीकडे तळमजल्यावर राहायला आले. दोन महिने झाले नाहीत तोवर तुम्ही माझ्या अकरा वर्षांवर बोळा फिरवलात.

फोन करू नकोस. फोनवर माणूस वाटेल ते बोलून मोकळा होतो. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत आम्हाला चूक वहीत लिहून कबूल करायला लावत, आणि पार्सल ऑफिसातही तोंडी तक्रार मी चौतीस वर्षांत एकदाही घेतली नाही. तो रंग पातळ सुरीने, खालचं लाकूड न दुखवता काढ.

सूनबाईची तब्येत कशी आहे? पाचवा महिना म्हणजे आता भूक लागत असेल. तिला दुपारी आडवं व्हायला सांग. तिच्यावर माझा राग नाही, तुझ्यावर आहे.

कळावे. माया तशीच आहे, तरी तिची परीक्षा पाहू नये.
मावशी

*

१७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुकानात चष्म्याची काच घासता घासता वाचलं आणि काच फुकट गेली. मालकांनी विचारलं की घरी कोणी गेलं का. मी सांगितलं, नाही, घरून कोणीतरी आलंय.

मावशी, चुकलो. पण तू एवढी चिडशील असं खरंच वाटलं नव्हतं. ब्रश माझ्या हातात होता आणि चौकट पिवळी पडली होती, एवढाच काय तो कट. सूनबाई मला म्हणाली होती की आधी मावशींना विचार. मी म्हटलं, मावशी काय चौकटीसाठी रुसणार आहे? आता ती दिवसातून चारदा ते वाक्य मला ऐकवते. तिनेच करून दिलेली कवळी घालून तू इकडे दात खात असशील, असंही म्हणते. कवळीचा मसाला तिने स्वतः कालवलाय, तुटणार नाही, अशी खात्रीही देते.

खरं सांगू? त्या रेघा पुसल्या गेल्या तेव्हा मला थोडं बरंच वाटलं. माझ्या रांगेशेजारी दुसरी रांग होती ना, वर ‘मुं’ लिहिलेली? मुंगीची. लहानपणी मी एक खोटी बहीण बनवली होती आणि तुला तिचीही उंची मोजायला लावायचो. बाप होणाऱ्या माणसाला असल्या गोष्टीची लाज वाटते. बायकोला मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

सुरीने काढायला गेलो तर लाकडाचा ढलपा निघाला, म्हणून थांबलो. तुझे गुडघे कसे आहेत?

रागावलीस तरी घर तुझंच आहे.
तुझा ढोल्या

*

२४ फेब्रुवारी

ती. मावशींना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी दातांच्या लॅबमधून लिहितेय, त्याला न सांगता.

रेघा परत आल्यात.

तीन हात रंग लावला होता. शुक्रवारी दुपारी मी खोलीत पडदे शिवत बसले होते, तेव्हा पांढऱ्या रंगात माझ्या मांडीच्या उंचीवर फिकट जांभळं काहीतरी दिसलं. वाटलं, माझ्याच हाताचा डाग असेल. पुसलं, जाईना. शनिवारी त्याच्या वर दुसरं, रविवारी आणखी तीन. आज सकाळी दोन्ही रांगा पूर्ण दिसतात, कडा पसरलेल्या, ओल्या असल्यासारख्या. हात लावला तर कोरड्या. मी त्याला दाखवलं तर म्हणाला की चौथा हात मारू. मी नको म्हटलं.

दुसरी गोष्ट लिहू की नको, असं झालंय. जिना चढताना तो दुसऱ्या वळणावर थांबतो. लग्न झाल्यापासून बघतेय. दम लागलेला नसतो. कठड्यावर हात ठेवून, मागे न बघता, कोणाला तरी वेळ देत असल्यासारखा उभा राहतो आणि मग चालू लागतो. मी विचारलं की हसतो, म्हणतो, सवय. परवा मी त्याच्या पुढे होते. वरून पाहिलं तर थांबलेला असताना त्याने एक हात मागे धरला होता, बोटं उघडी ठेवून.

मावशी, मी भित्री नाही. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांत बसते. पण आता त्या खोलीत एकटी बसवत नाही, आणि बाळाला तिथे ठेवायचंय.

तिसरी गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी एक फॉर्म दिला होता. घरात कोणाला जन्मापासून हृदयाचा आजार होता का, असा त्यात प्रश्न आहे. त्याने ‘नाही’वर खूण केली. ते बरोबर आहे ना? आणि ‘मुं’ म्हणजे कोण?

तुमचा हात डोक्यावर हवाय, असं आज फार वाटतं.
सूनबाई

*

२८ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

भुताखेतांच्या गोष्टी लिहिण्याइतका तुला लॅबमध्ये मोकळा वेळ मिळतो हे वाचून आनंद झाला. त्या रेघा मी ऑफिसातल्या जांभळ्या पेन्सिलीने मारल्या होत्या. तिचं टोक जिभेवर ओलं केलं की ती शाईसारखी उठते. पार्सलावर लिहिलेलं पावसात पुसू नये म्हणून ती होती. रंगाच्या तेलात ती विरघळते आणि वर येते. त्यात चमत्कार काही नाही. रंगाच्या दुकानात विचार, ते सांगतील.

मुंगी हा ढोल्याचा पोरखेळ. त्याचा हट्ट मोडवेना म्हणून मी रेघा मारत गेले. जिन्यात थांबतो तो आळशी आहे म्हणून.

फॉर्म भरलाय तो भरलाय. पोटात बाळ असताना मनात नको ते घेऊ नये.

काळजी घ्यावी, कमी विचार करावा.
मावशी

*

४ मार्च

ती. मावशींना,
शि. सा. न. वि. वि.

दुकानदाराने तुम्ही म्हणता तेच सांगितलं. त्यामुळे रेघांची भीती गेली. तुमच्या उरलेल्या पत्राची राहिली.

मावशी, माझं काम मोजण्याचं आहे. कवळीत केसाएवढा फरक राहिला तर माणूस जेवू शकत नाही. मी दोन्ही रांगा मोजल्या. ढोल्याची रांग मुलं वाढतात तशी आहे, कधी जास्त, कधी कमी. मुंगीच्या रांगेतल्या वरच्या सहा रेघा ढोल्याच्या रेघेपासून बरोबर एक बोट खाली आहेत, सहाही वर्षं. खरं मूल असं वाढत नाही. त्या रेघा तुम्ही मनाने मारल्यात, हे पटलं.

पण खालच्या पाच तशा नाहीत. त्या वेड्यावाकड्या आहेत. ती त्याच्यापेक्षा आधी दोन बोटं कमी, मग चार, मग वीतभर. चौथ्या आणि पाचव्या रेघेत तर नखाएवढंच अंतर आहे. आणि सहाव्या रेघेला एकदम उडी, थेट त्याच्या खांद्याला खांदा. खोट्या मुलीसाठी कोणी अशा पाच रेघा मारत नाही. त्या पाच वेळा तिथे कोणीतरी उभं होतं.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंना मी विचारलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि एवढंच म्हणाल्या की शाळेचे दोन गणवेश शिवले होते, एक चड्डीचा, एक फ्रॉकचा. बाकी मावशींना विचार, म्हणाल्या, मी शब्द दिलाय.

मंगळवारी ११ तारखेला आम्हाला डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. त्याआधी मला उत्तर हवं. तुम्ही नाही लिहिलंत तर मी त्या ‘नाही’वर काट मारून येईन आणि तुमचं नाव सांगेन.

उद्धटपणा वाटला तर नंतर रागवा. आत्ता वेळ नाही.
सूनबाई

*

७ मार्च, शुक्रवार

चि. ढोल्या आणि सूनबाई, दोघांस,
आशीर्वाद.

पत्र कुरिअरने पाठवतेय. सूनबाई, तू ते त्याला वाचून दाखव. त्याला आधी खुर्चीत बसव.

दुसऱ्याची चूक मी तारीख-वेळ घालून मांडते. ही माझी. २९ मे, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, मुलांच्या हॉस्पिटलच्या कागदपत्रांची खिडकी. तुम्ही दोघं पाच वर्षांचे होता. दोघं, कारण तुम्ही जुळे. तुम्हाला जन्म देऊन माझी धाकटी बहीण आठ दिवसांत गेली. तुमचे वडील लांबच्या नोकरीवर गेले ते तिकडचेच झाले. तू ढोल्या, कारण जन्मतःच गुबगुबीत. ती मुंगी, कारण हळू चालायची पण माघारी फिरायची नाही.

तिच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. मग जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती उकिडवी बसायची. तसं बसलं की तिला बरं वाटायचं, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. तू तिचं दप्तर घेऊन एक पायरी वर उभा राहायचास आणि हात मागे धरायचास. ती उठली की तो हात पकडायची. मागे वळून बघितलेलं तिला आवडत नसे.

शस्त्रक्रिया ३ जूनला ठरली होती. खिडकीशी जाऊन मी ती सहा आठवडे पुढे ढकलली. लोकांना सांगितलं की ऑफिसात रजा मिळाली नाही. रजा मंजूर होऊन टेबलावर पडली होती. आदल्या दिवशी मला तो वॉर्ड दाखवला होता, आणि तिथल्या एवढ्याशा खाटांना पट्टे होते. मला भीती वाटली. बस्स. पुढची तारीख १५ जुलै मिळाली.

२१ जूनला दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी ती दुसऱ्या वळणावर बसली आणि उठली नाही. तू वर येऊन मला सांगितलंस की मुंगी हात पकडत नाही.

नंतर तू रोज जिन्यात थांबायचास. सहाव्या वाढदिवसाला चौकटीपाशी उभाच राहीनास. तिची रेघ आधी, म्हणालास. मी तिच्या जुन्या रेघेवर पट्टी धरली तर रडलास, म्हणालास वर घे, ती आता मोठी झाली असेल. मी एक बोट खाली मारली. दर वर्षी मारत गेले. आणि तू अकरा वर्षांचा झालास तेव्हा एके दिवशी मला विचारलंस की मुंगी कोण गं? तू विसरला होतास. मला वाटलं, देवाने सोडवलं पोराला. मी म्हटलं, ती तू बनवलेली बहीण. तोवर मी तुझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून तू विश्वास ठेवलास. शिंपीणकाकूंकडून शब्द घेतला, रेघा मारणं बंद केलं, फोटो माझ्या कपाटात ठेवले. ते या पाकिटात आहेत, सात. तिसऱ्यात ती तुझा कान ओढतेय.

तुला वाचवलं असं मी सांगत आले. वाचवलं मी मला. तू विसरलास तर ती खिडकीही कोणाला आठवणार नव्हती. तुझ्या पायांना मात्र आठवत राहिलं.

सूनबाई, तू नसतीस तर मी तो ‘नाही’ तसाच राहू दिला असता. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

आता काम. मंगळवारी डॉक्टरीणबाईंना सांगा: बाळाच्या वडिलांची सख्खी जुळी बहीण, जन्मतः हृदयाला भोक, पाचव्या वर्षी गेली. इथल्या डॉक्टरांना मी काल विचारलं. पोटातल्या बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी होते, बहुतेक वेळा काही निघत नाही, आणि निघालं तर आधी कळलेलं बरं, असं ते म्हणाले. ढोल्या, तू तिच्याबरोबर आत जायचंस, बाहेर बाकावर बसायचं नाही. तुम्हाला भीती वाटेल. खोली बघून परत यावंसं वाटेल, पुढच्या महिन्यात बघू असं म्हणावंसं वाटेल, आणि खिडकीतली बाई हसतमुखाने पुढची तारीख देईल. घ्यायची नाही.

माझ्याशी बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. निकालही नंतर सांगितलात तरी चालेल. मला तपासणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता, एवढंच हवं आहे. ते शनिवार, दिनांक १५ मार्च, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी मला लेखी कळवावं, खाली दोघांच्या सह्या असाव्यात.
मावशी