नुसतं शेजारी बसायचं

४ डिसेंबर, बुधवार

नाव मिळालं! राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा बोलावलं, प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि आज सांगितलं — एडीएचडी. लक्ष एका जागी ठरत नाही, तो मेंदूचा प्रकार. लहानपणापासूनचं. एक्केचाळीस वर्षं मी धांदरट, वेंधळी, बेफिकीर. आणि आज कळतंय की तसं नव्हतंच! रिक्षात रडू आवरेना. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "ताई, कोण गेलं काय हो?"

"न्हाई ओ. सापडलं!"

त्या बिचाऱ्यानं आरसाच फिरवला.

घरी आल्यावर लक्षात आलं, गोळ्यांची चिठ्ठी रिक्षातच राहिली.

६ डिसेंबर

साखर कारखाना सुरू झालाय. आमच्या कसबा बावडाभर तो गोड, जड वास. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि एक ओला टॉवेल हातात धरून धुराकडे बघत राहिले. वर जातो, वाकतो, पुसट होतो. मग मीही पुसट. अंगाला वजनच नाही. अभिनंदन वर आला. "चंदना, अर्धा तास झाला." चिडून नाही बोलला. लग्नाला सोळा वर्षं झाली, नवऱ्याला सवय झालीय माझी.

आक्का असती तर बादली केव्हाच रिकामी झाली असती.

आक्का माझी सख्खी मोठी बहीण, जयसिंगपूरला असते. दोन वर्षं बोलत नाही माझ्याशी. तिच्या ऑपरेशनच्या वेळी मी शेजारी बसणार होते, वचन दिलं होतं. शिऱ्याचा डबा घेऊन गेले — दुसऱ्या दिवशी! तारीख पाठ होती हो मला. आज कोणती तारीख आहे, तेच माहीत नव्हतं. आक्कानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "तुझ्या लेखी मी न्हाईच." फोन केला की कट करते.

८ डिसेंबर, रविवार

डॉक्टरीणबाईंनी एका ग्रुपचा पत्ता दिलेला. माझ्यासारखीच माणसं. दर रविवारी दहाला, एका क्लासच्या रिकाम्या खोलीत.

पोचले अकराला. दाराला कुलूप. संपवून गेले सगळे, म्हटलं. जिन्यावरच बसले, स्वतःला शिव्या देत. सव्वा अकराला एक गृहस्थ धापा टाकत आले, हेल्मेट डोक्यात तसंच. उदयसिंह. पंचावन्न वय, गिअर बनवायचा कारखाना, ग्रुप यांनीच सुरू केलेला. "किल्ली घरात ऱ्हायली हो! कवापास्नं बसलाय?" मागून पूर्णिमा आली, वकील आहे. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

तासभर उशिरा जाऊनही मी पहिली! पोट दुखेपर्यंत हसलो तिघं.

पद्धत उदयसिंहांनी सांगितली. ज्याचं जे काम अडलंय ते त्यानं आणायचं. शेजारी कुणीतरी बसायचं. "मदत करायची न्हाई, शिकवायचं न्हाई. नुस्तं बसायचं."

"त्यानं काय होतंय?"

"मला तरी कुठं ठावं? पण होतंय की!"

१५ डिसेंबर, रविवार

ब्लाउजची हुकं नेली. आठ महिने पडून होती. पूर्णिमा शेजारी बसून न फोडलेली पाकिटं फोडत होती. कागद फाटल्याचा बारीक आवाज, वर पंखा. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. भानावर आले तर सगळी हुकं लावून झालेली!

आणि मधेच कुठून तरी गावाकडच्या घराचा सोपा वर तरंगत आला. सूर्य बुडायच्या आत जेवणं. मग पिवळ्या बल्बखाली माझी दहावीची पुस्तकं, आणि चटईवर शेजारी आक्का, मांडीवर सूप. तांदूळ निवडायची. बोलायची नाही. एका सुपाला दोन-दोन तास! मला वाटायचं, वडिलांनी, आण्णांनी, माझ्यावर पहारा बसवलाय आणि ही मुद्दाम वेळ काढतेय. हवालदार म्हणायचे मी तिला. तोंडावर.

दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडले. मे महिन्यात आक्काचं लग्न झालं. मी अकरावीला कोल्हापूरला आले ती नापासच. पोरीला शहराची हवा लागली, म्हणाले सगळे.

कसली हवा! शेजारी आक्का नव्हती.

१६ डिसेंबर

हवालदार नव्हती गं ती.

२२ डिसेंबर, रविवार

आज पत्र लिहिलं. उदयसिंह शेजारी बसून पासपोर्टचा फॉर्म सहाव्यांदा भरत होते. मी चारदा उठले, चारदा परत बसले. शेवटी एवढंच झालं —

"आक्का, तू शेजारी बसायचीस म्हणून मी पास झाले. हे मला आत्ता कळलं. दवाखान्यात मला तुझ्या शेजारी नुसतं बसायचं होतं, तेवढंही जमलं नाही. चुकले. तू मला हवी आहेस. — चंदी"

बहुतेक ७ जानेवारी

पत्र स्कूटरच्या डिकीत सापडलं! कोथिंबिरीच्या जुडीखाली. पंधरा दिवस तिथंच! आक्काला वाटतंय मला तिचं काही नाही, आणि मी तेच सिद्ध करत बसलेय. कामात लक्ष लागेना. शाहूपुरीत छापखान्यात लग्नपत्रिकांची डिझाइनं करते मी. आज नवरीचं नाव दोन्हीकडं टाकलं.

ग्रुपवर नुसतं लिहिलं, "पत्र टाकलंच नाही." कुणी उपदेश केला नाही. जेवणाच्या सुट्टीत उदयसिंह छापखान्याच्या दारात हजर. "पेटीत मी टाकणार न्हाई हां. शेजारी हुबा ऱ्हातो."

राहिले. हात पाठीमागं बांधून, ट्रॅफिककडं बघत. मी पत्र पेटीत सोडलं. रडले थोडी.

परत येताना म्हणतात कसे, "तिकीट लावलं हुतं न्हवं?"

अगं आई गं!

१९ जानेवारी, रविवार

आक्काचं काही नाही आलं. हात रिकामेच होते म्हणून ग्रुपला जाणार नव्हते. पूर्णिमा फोनवर म्हणाली, "वाट बघायचं काम घेऊन ये की. आम्ही बसतो." दोन तास बसलो. खिडकीतून ऊन आत आलं, बाकावरून सरकत सरकत माझ्या हातावर आलं. बरं वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

बेल वाजली. दार उघडलं तर आक्का! हातात पिशवी. केस किती पिकलेत.

"बिनतिकिटाचं पत्र धाडतीस व्हय गं? पोस्टमन पैसे मागतोय दारात! दंड भरून सोडवून घेतलं."

गळ्यातच पडले. तिनं पाठीवर दोन धपाटे घातले आणि तिलाही रडू फुटलं. मग डोळे पुसून म्हणाली, "सूप आण." तांदूळ घेऊन स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. मी शेजारी माझं डब्यांचं कपाट उपसलं, तीन वर्षं न लावलेलं. न बोलता. अभिनंदन दोनदा डोकावून गेला. कपाट लागलं! तिचं सूपही संपलं.

२६ जानेवारी, रविवार

काल एसटीत चढता चढता आक्का म्हणाली, "तुझ्यासाठी बसत हुते असं लिवलंयस. खुळे! तू उठलीस की माझा तांदूळ तसाच ऱ्हायचा. लग्न झाल्यापास्नं एक सूप धड निवडून झालं न्हाई माझ्याच्यानं. सासरी अर्धवट म्हणत्यात मला."

पंचवीस वर्षं. तिच्या शेजारी कुणीच बसलं नाही.