माझ्याच हाडांचा फोटो

प्रिय भिंगरी,

फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच तोंड घालतेस, म्हणून लिहितेय. आता शेवटपर्यंत वाचायचं आणि तोवर गप्प बसायचं.

परवा मी माझी हाडं पाहिली. एकतीस वर्षं एक्स-रे विभागात काढली, लोकांना ‘श्वास रोखा, हलू नका’ सांगून घसा बसला, पण आपण स्वतः आतून अख्ख्या कशा दिसतो ते ठाऊक नव्हतं. हाडांच्या स्कॅनसाठी हाताच्या शिरेत सुई दिली, तीन तास पाणी पीत बसवलं, मग टेबलावर आडवं केलं. मशीन चालवणारी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने मलाच दरडावलं, हलू नका म्हणून. मग पडद्यावर डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत मी. एवढीशी, वीतभर. कमरेचं हाड पाहून तर मी थक्कच झाले. बावीस तास माझा जीव खाऊन तू त्यातूनच बाहेर आलीस. तेवढ्याशा वाटेतून तुझं ते डोकं निघालं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच हाडावर आणि पाठीच्या तीन मणक्यांवर काळे ठिपके होते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आहे, भिंगरी, आणि तो हाडांपर्यंत पोचलाय. पण ते ठिपके कसले, सांगू? रोगाने हाड पोखरलं की शेजारचं हाड तिथे नवं हाड रचायला धावतं. सुईतलं औषध जाऊन बसतं ते त्या कामावर. मी पाठ धरून कण्हत होते तेव्हा आत मुकाट्याने डागडुजी चालली होती, कुणी न सांगता. शिकाऊ मुलींकडून हे मी वर्षानुवर्षं घोकून घेतलं, आणि अंगावर काटा आला तो परवा. त्या पडद्यापुढे हात जोडावेसे वाटले.

माझा गाढवपणाही ऐक. सहा महिन्यांपूर्वी पाठ धरली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सोबतिणीला बटण दाबायला लावून मी माझा एक्स-रे काढून घेतला, मीच पाहिला आणि मीच मला पास केलं. हाड बरंचसं गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. दुसरं कुणी असतं तर हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं.

आता पाठीवर पाच वेळा किरणं द्यायचीत. दुखणं उतरेल म्हणतात. बरं होईल असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. बाबा रोज सकाळी मला मोजे घालून देतात, आणि मोज्यांतला डावा-उजवा शोधत बसतात.

हे सगळं आजच का? गेल्या रविवारी बोलता बोलता तू म्हणालीस, पाळी नसताना मध्येच थोडं रक्त जातं, दगदगीने असेल. अगं, दोन वर्षांपूर्वी मी मावशीला हेच सांगितलं होतं, दगदगीसकट. तुझं बहुतेक साधंच काहीतरी असेल, पण ते डॉक्टरीणबाईंना ठरवू दे. हे वाचून तू बॅग भरायला घेशील, मी ओळखून आहे तुला. ठेव ती खाली. आधी तपासून घे, मग ये. तेवढं मी थांबते.

हट्टी, आणि तुझीच,
आई