खांद्यावरचा हात

३ फेब्रुवारी, सोमवार

आज कामावर रुजू झालो. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर मालनताईंचा गाळा आहे. गेलेल्या माणसांच्या तसबिरी इथे तयार होतात. घरचे लोक लग्नातला नाहीतर सहलीतला घोळक्याचा फोटो देतात. त्यातलं एक माणूस वेगळं काढायचं, मागे आकाशी रंग भरायचा आणि कॉम्प्युटरवरच टिळा आणि हार चढवायचा. फ्रेम धाकू ठोकतो. जागा हवेशीर आहे, चहा दोनदा मिळतो. बायको, अनुपमा, गेल्यापासून तीन महिन्यांत आज पहिल्यांदा डबा पूर्ण संपवला. लेकीने, गार्गीने, कॉलेजला जायच्या आधी करून दिला होता.

मालनताईंचे नियम दोनच. मृत्यूची तारीख लिहून आल्याशिवाय हार चढवायचा नाही. आणि तसबिरीत जिवंत माणसाचा हात राहू द्यायचा नाही. अशा फोटोंत कुणाचा ना कुणाचा हात खांद्यावर असतोच, तो पुसायचा. धाकू म्हणाला की आपलं पोट हातावर, आणि धंदा हात पुसायचा. बऱ्याच दिवसांनी हसलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

इथल्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये मी तेच सांभाळायचो, त्यामुळे अडचण नाही. मॉनिटरच्या कडेला आधीच्या ऑपरेटरची, राजेशची, चिठ्ठी चिकटवलेली आहे. स्कॅनर चालला नाही तरी फोटोचा प्रोग्राम रूटने उघडू नका, एवढंच लिहिलंय. अक्षर लहान मुलासारखं वेडंवाकडं.

सल्ला बरोबर आहे. रूट म्हणजे सर्वांच्या वरचा वापरकर्ता, त्याला कशाचीच मनाई नसते. त्याच्या नावाने प्रोग्राम उघडला की त्या प्रोग्रामलाही मनाई उरत नाही, आणि त्यात सेव्ह केलेल्या फाइलचा मालक रूट होतो. मग आपल्या नावाने ती बदलता येत नाही. गार्गीलाही मी हेच शिकवलं होतं.

राजेश कुठे गेला, असं विचारलं. मालनताई म्हणाल्या गावी गेला, आणि उठून पंखा वाढवला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्कॅनर माझ्या नावाने चालेना. परवानगीचा घोळ असणार. नीट दुरुस्त करायला अर्धा दिवस गेला असता. दुपारी गाळ्यात कोणी नव्हतं आणि अनुपमाचा फोटो मी बरोबर आणला होता, घरात अजून तसबीर नाही म्हणून. प्रोग्राम रूटने उघडला. स्कॅनर लगेच चालला.

फोटो जुहूचा आहे, आम्ही तिघं. एका टोकाचा मी, मला कापलं. गार्गीला कापलं. तिचा उजवा हात आईच्या खांद्यावर आहे, मनगटापर्यंत. तो पुसायला घेतला आणि जमलं नाही. बोटात अनुपमाने दिलेली अंगठी दिसते. राहू दे म्हटलं, घरचीच तर तसबीर आहे. तारीख घातली, हार चढवला, सेव्ह केलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

फाइलचा मालक रूट. माझ्या नावाने बघता येते, बदलता येत नाही. हे अपेक्षितच होतं. पण हात आता कोपरापर्यंत आहे.

शेवटचा बदल रविवारी दुपारी एक चाळीसला झालाय. रविवारी गाळा बंद असतो आणि चावी धाकूकडे. त्याला विचारलं तर तो चिडला. म्हणाला, नंदूशेठ, माका माउस धरूक येना नाय, खिळो धरूक सांगा. मला त्याचं पटलं नाही.

सकाळी गार्गीच्या हातून कप पडला. उजव्या हाताला मुंग्या आल्या म्हणाली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रूटचा पासवर्ड बदलला, फक्त मालनताईंना सांगितला. इंटरनेटची वायर काढली. धाकूवर नजर ठेवली. एक चाळीसला तो माझ्यासमोर बसून भाकरी खात होता, आणि फाइल तेव्हाच बदलली.

आता खांदा दिसतो, हिरव्या बाहीसकट. हा भाग मी कापला होता. मूळ स्कॅन ठेवलंच नव्हतं.

गार्गीचा हात कोपरापर्यंत बधिर. डॉक्टर म्हणाले नस दबली असेल. तसबिरीचं मी तिला सांगितलं नाही. ती चेष्टा करते. म्हणाली, बाबा, आता पोळ्या तूच लाट, थोडे दिवस नकाशे खाऊ.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकूने शेवटी सांगितलं. गावी जायच्या आधी राजेशचा उजवा हात गेला होता. चिठ्ठी त्याने डाव्या हाताने लिहिली. आईची तसबीर त्याने इथेच केली होती. धाकूने हातोडी खाली ठेवली. माझ्या पडद्याकडे बघून एवढंच म्हणाला की तेका हात लावू नको.

जुन्या कामांत रूटच्या मालकीची आणखी एकच फाइल आहे. म्हातारी बाई, शेजारी एक माणूस, तिच्या खांद्यावर हात ठेवलेला. हार एकच, दोघांच्या गळ्यांतून गेलेला. खाली दोन तारखा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या नावाने आत जाता येत नाही. पासवर्ड बरोबर आहे. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा नाव विचारतो. लॅबमध्ये हे पाहिलंय. रूटने प्रोग्राम उघडला की आपल्या फोल्डरातल्या फायलीही कधी कधी त्याच्या होतात. मग रूटनेच गेलो. दुसरा मार्ग नव्हता.

गार्गीचा गाल दिसतो. हार तिच्याकडे सरकलाय. खाली दुसऱ्या तारखेची जागा — रिकामी.

फाइल डिलीट केली. चहा घेऊन आलो. परत होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. धाकूकडून चावी घेतली. गार्गी हॉस्पिटलमध्ये. खांदा हलत नाही, श्वास लागतो.

तसबिरीत दोन्ही डोळे. तारखेत २ उमटलाय.

तिचा हात पुसला. लगेच नर्सचा फोन — हात गार पडलाय, नाडी लागत नाही. पुसलेलं परत आणलं. नाडी आली.

खांदा रिकामा चालत नाही त्या तसबिरीला. कुणाचा तरी हात —

२० फेब्रुवारी, गुरुवार

जुहूचा फोटो पुन्हा स्कॅन करून त्याच फाइलमध्ये घेतला. या वेळी माझा उजवा हात ठेवला. मनगटापर्यंत कापून तो अनुपमाच्या खांद्यावर बसवला. मग गार्गीला पुसलं. सेव्ह. एक चाळीस.

तिचा फोन आला. उजव्या हाताने लावला म्हणाली. भूक लागलीये, पण तुझे नकाशे नकोत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. उजवा — नाही. घरीच आहे. तसबीर बघितली नाही. बघणार नाही.

गार्गी बरी. सकाळी बाहेर गेली. कुठे, सांगितलं नाही.

२४, दुपार

आत्ता फोन केला तिने. गाळ्यात आहे. आईची तसबीर अर्धवट राहिली, बाबा, मीच पुरी करते म्हणाली. आईच्या खांद्यावर तुझा हात राहिलाय, तो पुसते. मालनताईंच्या नावाने आत गेलेय, पण फाइल बदलता येत नाही, मालक रूट दाखवतंय. रूटचा पासवर्डही मालनताईंनी दिला.

नको म्हणेपर्यंत कट झाला. आता उचलत नाही.

एक पस्तीस. धाकूही उचलत नाही. ती काय करणार मला माहीत आहे, मीही तेच के