माहिती देणारा : कुटुंबप्रमुख

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. रोज लिहायचीच. शिवाय पहाटे पाचला उठून फिरणे, चहा दिवसातून दोनच कप आणि मार्चमधलं भाषण तोंडपाठ करणे.
सांख्यिकी खात्यात तीस वर्षं खुर्ची झिजवली, आता कुठे वार्षिक परिषदेत बोलायची संधी आली आहे. विषय: कामावर जाणारे पुरुष आणि कामावर जाणाऱ्या बायका यांच्यातली तीस वर्षांची दरी. तक्ते माझे, आलेख माझा. पुरुषांची निळी रेघ वर. बायकांची लाल रेघ खाली, आणि दर वर्षी आणखी थोडी खाली. निष्कर्षही तयार आहे. बायकांना कामाची आवडच उरलेली नाही. भाषण रंगलं तर निवृत्तीआधी उपसंचालकपद कुठे जात नाही.

४ जानेवारी, पहाटे ५.१०
उठलो. बाहेर अंधार. अंधारात फिरणं गुडघ्यांना चांगलं नसतं, असं कुठेतरी वाचलंय.

९ जानेवारी
मधले दिवस लिहिता आलं नाही. कामाचा ताण.
आज गंमत झाली. खात्याच्या पाहणीसाठी चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात, त्यात आमचंच घर निघालं. सकाळी साडेनऊला पाहणीवाली बाई दारात. मी बूट घालत होतो. घरातल्या बाईंशीही बोलायचंय म्हणाली. म्हटलं, मी समोर असताना तिला कशाला त्रास? या घरात मला माहीत नाही असं आहे काय? तीन मिनिटांत फॉर्म पुरा. बायको काम करत नाही, शोधत नाही, तशी इच्छाही नाही.
ही तेव्हा आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर खुडबुडत होती. लेकीने तिला जुना कॉम्प्युटर दिल्यापासून बहुतेक पत्ते खेळत असते. मी कधी विचारत नाही. मी स्त्री-स्वातंत्र्य मानणारा माणूस आहे.

१७ जानेवारी
फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम आम्ही एका एजन्सीला दिलंय. तिची माणसं घरी बसून डेटा एंट्री करतात. आम्हाला नावं माहीत नसतात, फक्त नंबर. आमच्या भागाचे गठ्ठे सतरा नंबरकडे जातात, आणि सतरा नंबर म्हणजे हिरा आहे. सहा वर्षांत एक चूक नाही. कोणीतरी निवृत्त फौजी असणार. एवढी शिस्त दुसऱ्या कोणाला जमत नाही. मागे एकदा मी त्याला लिहिलंही होतं, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं खातं उभं आहे.
एकच खोड. शंका काढतो. आज पुन्हा तीच: ‘बाईंची उत्तरं नवऱ्याने दिली आहेत. बाईंना विचारलेलं नाही. काय भरू?’ सहा वर्षं त्याची हीच शंका आणि माझं हेच उत्तर: माहिती देणारा कुटुंबप्रमुख असेल तर तो सांगेल ते भरावे. नियम मीच केलेला आहे. त्याने काम झटपट होतं.

२ फेब्रुवारी
आरशासमोर भाषणाची तालीम. पहिलं वाक्य जमलं. दुसऱ्याला खोकला आला. ही दारात उभी होती. मला एकदा सगळं वाचून दाखवा ना, म्हणाली. म्हटलं, आकडेवारी आहे, तुला कंटाळा येईल. तिचं तोंड उतरलं, म्हणून रविवारी वाचून दाखवायचं कबूल केलं.

३ फेब्रुवारी, रविवार
राहून गेलं.

११ फेब्रुवारी
सतरा बिघडला. आजची शंका: ‘या घरातली बाई सहा वर्षं काम करते. मला खात्रीने माहीत आहे. नवऱ्याने नाही म्हणून सांगितलंय. काय भरू?’ फौजी माणूस, म्हणून सबुरीने लिहिलं: ‘तुम्हाला खात्री कशी? नियमाप्रमाणे भरा.’

१२ फेब्रुवारी
उत्तर आलं: ‘ते घर माझं आहे.’
फॉर्मवरचा घर क्रमांक काढून पाहिला. घर माझं आहे. म्हणजे हा तोतया. ज्याला मी हिरा म्हणत होतो, त्याने माझंच घर स्वतःचं म्हणून सांगावं? संचालकबाईंना लगेच दोन पानी तक्रार दिली. सतरा नंबरला समोर बोलवा, चौकशी करा, कामावरून काढा. शेजारच्या टेबलावरचा सरासरी (आम्ही त्याला असंच म्हणतो, कारण तो सगळ्याच बाबतीत सरासरी आहे) म्हणाला, आधी घरी विचारून बघ. हा माणूस आयुष्यात वर येणार नाही.
संध्याकाळी हिला सांगितलं, एका भामट्याचं काम बंद करतोय. ती ठेवणीतले कपडे इस्त्री करत होती. नीट विचार करून काय ते करा, एवढंच म्हणाली. कुठेतरी लग्नबिग्न असेल.

१५ फेब्रुवारी
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.
अकराला संचालकबाईंच्या खोलीत फाईल घेऊन बसलो. दार उघडलं आणि ही आत आली. मला वाटलं, डबा विसरलो होतो. ती माझ्याकडे न बघता खुर्चीत बसली आणि म्हणाली, “सतरा नंबर मी.”
माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “तू मला कधी सांगितलं नाहीस.”
“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात. ‘बरं’ म्हणालात.”
मला आठवत नाही. म्हणजे तिने सांगितलं नसणारच.
मग तिने पिशवीतून वही काढली. नवऱ्याने परस्पर उत्तर दिलेल्या सगळ्या फॉर्मचे नंबर. सहा वर्षांचे चार हजार एकशे बारा. एजन्सीत घरून काम करणाऱ्या सगळ्या बायकाच आहेत, हेही आजच कळलं. त्यातल्या तिघींच्या घरचे फॉर्म हिनेच चढवले. तिघीही काम करत नाहीत, असं तिथे लिहिलंय.
“तुमच्या नियमाने मी इतक्या जणींना माझ्या हाताने पुसलं,” ती म्हणाली. “या वेळी मला स्वतःला पुसायचं होतं. ते जमेना.”
संचालकबाईंनी वही ठेवून घेतली आणि माझी तक्रार मला परत दिली.
विश्वासघात. दुसरा शब्द नाही. लेकीला फोन केला, तर तिलाही सगळं माहीत होतं. आईला पत्ते खेळता येत नाहीत, बाबा, म्हणाली.

१६ फेब्रुवारी
निश्चय: हिच्याशी अबोला.

१९ फेब्रुवारी
अबोला तिच्या अजून लक्षात आलेला नाही.

२१ मार्च
परिषद झाली. संचालकबाईंनी माझ्याऐवजी तिला उभं केलं, भाषण तिने केलं. महिनाभरात वहीतल्या पाचशे घरांत पुन्हा माणसं पाठवली होती, आणि या वेळी बायकांनाच विचारलं. लाल रेघ वर सरकली. दरी अजून आहेच, आणि ती लहान नाही, ती म्हणाली. पण तिच्यातली बरीचशी आपणच टेबलावर बसून खणलेली आहे. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत, खांदा धरला होता. सरासरीने उभं राहून वाजवल्या.
घरी येताना रिकाम्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ती म्हणाली, “खातं तुमच्यासारख्यांमुळे उभं आहे, ती तुमची चिठ्ठी मी जपून ठेवलीय. घरात तुम्ही असं कधी बोलला नाहीत.”
फार वाईट वाटलं. सहा वर्षांत मनातलं असं एकाच माणसाला लिहिलं होतं. तो फौजी कधी नव्हताच.

३ एप्रिल
तिला खात्यातच नेमलं. फॉर्म तपासणी, दुसरा मजला. माझा नियम रद्द. आता ज्याचं त्याने सांगायचं. मी निषेध म्हणून पंधरा दिवस रजेवर. माझ्यावाचून खात्याचं काय होतं ते बघूच.

१२ एप्रिल, सकाळी ९.३०
खात्यातून अजून फोन नाही.
दारात तीच पाहणीवाली बाई. दुसरी फेरी. ही केव्हाच कामावर गेलेली. मी घरच्या कपड्यांत. गेल्या सात दिवसांत काय काम केलं, असं तिने विचारलं. रजा, म्हटलं. तिने लिहून घेतलं आणि फॉर्म मिटायला लागली. म्हटलं, थांबा, बायकोचंही मीच सांगतो, तेवढंच तुमचं काम वाचेल. ती हसली. सहज म्हणून तिने विचारलं, दिवसाचे किती तास काम करतात त्या? मी आठवून पाहिलं. पद काय? कामाचं नेमकं स्वरूप काय? मी खिडकीबाहेर बघितलं.
राहू द्या काका, ती म्हणाली. घरात माहिती असलेलं कोणी असेल तेव्हा येते. बाई किती वाजता परत येतात?
म्हटलं, तिला विचारून सांगतो.