तापवलेलं दार

उधवा, तलासरी
नोव्हेंबर २०१७

प्रिय वर्षू,

फोनवर तू लगेच विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे. मधेच घडी घालून ठेवू नकोस.

आमच्या कारखान्यात आजवर सुकवणीच्या भट्ट्यांचे हीटर बनायचे. यंदा वेगळंच काम आलं. अग्निशमनच्या जवानांना शिकवण्यासाठी एक खोटं घर. आत ज्वाळा नाहीत. यंत्राचा धूर, आणि भिंतींत, दारांत दडवलेल्या तारा. त्यांनी पत्रा हवा तेवढा तापतो. कुठल्या दारामागे आग आहे, हे जवानांनी हात लावून ओळखायचं. तारा बसवायचं काम माझ्याकडे. आमचे मनिषभाई उंबरगावचे, निम्मं बोलणं गुजराती. एकदा म्हणाले, "निर्मलाबेन, फक्त दरवाजा गरम करून नाय चालणार, कडी पण तपाववानी!" माझ्या हातातली पक्कड खाली पडली.

तेव्हापासून मसोलीची आपली शेड डोळ्यांसमोरून हलत नाही. साच्यांवर सुकत असलेले लाल-पिवळे फुगे, रबराचा तो वास. संध्याकाळी खाडीकडचा वारा सुटला की दार आपटायचं, ओल्या फुग्यांना धूळ चिकटायची. म्हणून आई आत गेली की ओरडायची, "वर्षे, बाहेरून कडी घाल गं!" सगळेच फुगेवाले तसं करायचे. त्या दिवशीही तू घातलीस. मी दळण घेऊन आले तेव्हा शेड पेटलेली होती, आई आतच होती, आणि तू अंगणात हात पोटाशी धरून बसली होतीस. तेराव्याला प्रभाआत्या सगळ्यांदेखत बोलली, "पोरीनं कडी हातातून सोडली नसती तर वहिनी आज असती." दहा वर्षांची होतीस तू. ते वाक्य तू अजून जपून ठेवलंयस.

खोटं घर उभं राहिलं. धूर सोडला की मला फुग्यांचा वास येतो. तिथे रबराचा तुकडाही नाही, मनिषभाई हसतात. धूर निवळल्यावर दार उघडते ती मीच. आत कुणी नसतं हे ठाऊक असतं, तरी आधी कान देते.

गेल्या आठवड्यात जवान आले. त्यांचे शिक्षक सुदर्शन सर, उभा जन्म आगीत काढलेले. कुणी भाजू नये म्हणून कडी अगदी बेताची तापवली होती. तरी दांडगे दांडगे गडी हात लागताच झटक्याने मागे सरले. सर ओरडले, "अरे, सासुरवाडीला आलास काय, सरळ कडी धरतोस? हाताची उलटी बाजू लाव!" सगळे हसले. मी एकेकाचा तळवा बघत होते. जरासा लाल, बस्स.

चहाच्या वेळी सरांना तुझी हकीकत सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "डाग कुठं आहे?" तळहातावर, आडवा, कडीएवढा, मी म्हटलं; बोटंसुद्धा पुरती उघडत नाहीत. सर म्हणाले, "ताई, चटका बसला की हात कुणाला विचारत नाही, आपोआप सुटतो. माझे जवान सोडतात. एवढं खोल भाजायला धरून ठेवावं लागतं. त्या पोरीनं धरून ठेवली होती."

वर्षू, काल तुझ्या लेकीचा, पूर्वीचा, फोन आला होता, तुझ्या नकळत. तीही आता दहा वर्षांची झाली. म्हणाली, "मावशी, आमच्या एकाही दाराला कडी का नाही गं? विचारलं तर आई म्हणते, माझ्यामुळे तुझी आजी गेली." मी तिला काही सांगितलं नाही. ते तू सांगायचंस. हे वाचशील त्या दिवशी तिला जवळ बसव, आणि फोटोतसुद्धा पदराआड ठेवतेस तो हात तिच्यासमोर उघड. जेवढा उघडतो तेवढा.

तुझीच,
निर्मलाताई