मामांनी निंदलेला प्लॉट

लातूर,
श्रावणी सोमवार, १९९७
(उपास आहे, म्हणून वेळ आहे, म्हणून पत्र लांबणार.)

तीर्थरूप आप्पासाहेबमामा यांना, तुमच्या बहिणीच्या मते शिकून बिघडत चाललेल्या भाचीचा, पुनमचा, वाकून नमस्कार.

इकडे मी खुशाल आहे. तुमची तब्येत कशी आहे? विशेषतः गुडघे? मागच्या आठवड्यात तुम्ही आमच्या कॉलेजच्या शेतात इतका वेळ उकिडवे बसलात, की तेव्हापासून मला तुमच्या गुडघ्यांची काळजी लागली आहे (खरं तर हातांची जास्त, पण त्याबद्दल पुढे). पार्वतीमामींचा खोकला कमी झाला असेल. तांबडी कालवड आता लाथा मारत नसेल, अशी आशा करते.

तुमच्या लेकीचं, सिंधूचं, आमच्या कृषी कॉलेजात नाव नोंदवून झालं, फी भरली, पावती तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात गेली, म्हणजे तुमच्या मते काम संपलं. पण मामा, काम तिथूनच सुरू होतं. जाताना तुम्ही आमच्या वॉचमनजवळ, शेषेरावजवळ, निरोप ठेवलात, की पोरीला पुढं काय काय लागंल ते भाचीनं बैजवार लिहून कळवावं. तर बैजवार कळवते.

पहिली गोष्ट ही, की पावती फाटली त्या क्षणापासून माणूस शेतीतला तज्ज्ञ होतो. शिकायची गरज नंतर पडते. मागच्या वर्षी माझं नाव नोंदवून बाबा नि मी नांदेडच्या बसमध्ये बसलो, तर बाबांनी शेजारच्या माणसाला कौतुकानं सांगितलं, की मुलगी ॲग्रीला लागली. (बाबा शाळामास्तर. आमच्या घरची शेती म्हणजे गॅलरीतली तुळस, तीही दर उन्हाळ्यात जाते.) अहमदपूर येईपर्यंत निम्म्या बसनं आपापली तूर मला सांगून टाकली होती. एकानं तर पिशवीतून पिवळं पडलेलं झाडच मुळासकट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "पाणी जास्त झालंय." तो म्हणाला, "ताई, पाणीच न्हाई तर जास्त कुठून होईल?" मी म्हटलं, "मग कमी झालंय." त्यानं समाधानानं मान डोलावली आणि मला ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा दिल्या. तेव्हा सिंधूला सांगा, बसमध्ये कुणी विचारलंच तर बी.ए.ला आहे म्हणावं. (शेंगा मात्र बुडतील.)

दुसरी गोष्ट वसतिगृह. किल्लारीच्या भूकंपाला चार वर्षं होत आली तरी भिंत पारखल्याशिवाय लेकीला कुठे ठेवायचं नाही, हा तुमचा नियम मला मान्य आहे. पण त्या दिवशी तुम्ही काठीनं एकेक भिंत ठोकत गेलात, त्यात रेक्टरबाईंच्या खोलीचीही ठोकलीत, आणि बाई आत दुपारच्या झोपल्या होत्या. त्या उशी घेऊन थेट मैदानात पळाल्या, त्यांना पाहून सगळं वसतिगृह पळालं, आणि तुम्ही मात्र शेवटच्या खोलीतून बाहेर येऊन "पक्कं हाय" असं मामींना सांगून पुढे गेलात. तर भिंती पक्क्या आहेत. सिंधूसाठी मी दाराजवळचा पलंग धरून ठेवला आहे. दाराजवळच्या पलंगाला आमच्याकडे अजून मान आहे.

सिंधूनं दोन वर्षं इथं क्लास केले, त्यामुळे लातूर आपल्याला पाठ आहे असं तिला वाटत असणार. पण क्लासवाल्यांचं लातूर निराळं, आमचं निराळं. त्यांचे फोटो चौकाचौकात मार्कांसकट लागतात. ते पुस्तक उघडतात तेव्हा घरमालक स्वतःचा रेडिओ बंद करतो. आम्ही चिखलाचे बूट घालून रस्त्यावर आलो, की ऑटोवाला आधी सीटवर पोतं अंथरतो नि मग म्हणतो, बसा. शिवाय क्लासमध्ये प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं छापलेली असतात, त्यातलं एक उचलायचं. इथं बैल औताला का चालत नाही हे बैलालाच विचारावं लागतं, आणि तो एकही पर्याय देत नाही.

तिसरी गोष्ट प्लॉट. मामा, हे जरा चष्मा लावून वाचा.

आमच्या बिराजदार सरांनी सोयाबीनचे चार प्लॉट शेजारी शेजारी टाकले आहेत. पहिल्यात हातानं निंदायचं, दुसऱ्यात बैलांमागं कोळपं चालवायचं, तिसऱ्यात तणाचं औषध फवारायचं, आणि चौथ्यात काही म्हणजे काही करायचं नाही. गवत मोकाट माजू द्यायचं. नवी मुलं आली (म्हणजे सिंधूचीच तुकडी), की पहिल्याच आठवड्यात त्यांना हे चारी प्लॉट दाखवायचे, म्हणजे गवत न काढलं तर पिकाची काय दशा होते ते पुस्तक न उघडता कळतं. आम्ही चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटून घेतले. निंदायचा प्लॉट आला मिहिरला, त्याच्या हाताला फोड आले. काही न करायचा प्लॉट, टी-४, आला मला. नांदेडच्या मुलीला यापेक्षा शोभणारी शेती नाही. रोज सकाळी जायचं, गवत किती वाढलं ते बघायचं, लिहायचं, परत यायचं. केना, दुधी, लव्हाळा, गाजरगवत, सगळ्यांशी माझी ओळख झाली. गाजरगवत माझ्या कमरेला लागलं त्या दिवशी सरांनी वर्गासमोर मला शाबासकी दिली. (शाळेत असताना मला शाबासकी मिळाली नव्हती, तेव्हा तुम्ही माझा आनंद समजू शकता.) वर्षभराच्या प्रात्यक्षिकाचे मार्क मी या गवताच्या भरवशावर टाकले होते.

आणि मग तुम्ही आलात.

मी तेव्हा चाचणी परीक्षेला बसले होते. पुढचं सगळं शेषेरावनं सांगितलं. पावती खिशात घालून तुम्ही म्हणालात, आलोच हाव तर भाचीचं रान बघून जाऊ. पाटीवर फक्त "टी-४" आणि खाली "पुनम" एवढंच. तुम्ही ते वाचलंत, गवत पाहिलंत, आणि म्हणालात म्हणे, "एवढ्या गवतात चौथा नंबर! म्हंजी पाचव्याचं काय असंल!" मामी म्हणाल्या, "शहरातली पोर हाय, तिला खुरपं कसं धरावं म्हाईत न्हाई." मग तुम्ही दोघांनी शेषेरावकडून खुरपी मागून घेतली, तुम्ही धोतर खोचलंत, मामींनी पदर खोचला. तो बिचारा आधी "साहेबांना विचारू द्या" म्हणत होता, पण तुम्ही त्याला म्हणालात, "गवत काढायला कुणाला विचारायचं असतं का रे बाबा?" यावर त्यानं स्वतःच खुरप्यांना धार लावून दिली.

तुमच्या रानात बांधाला, धुऱ्यालासुद्धा गवत उगवायची हिंमत करत नाही, हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे. (शेजारच्या लिंबाजीकाकांच्या रानात गवताशिवाय काही उगवत नाही, हेही पंचक्रोशीला माहीत आहे, कारण ते तुम्हीच सगळ्यांना सांगितलंय.) त्यामुळे माझी परीक्षा संपेपर्यंत टी-४ अंगणासारखा झाला होता. बैलांना चालणारं गवत तुम्ही कॉलेजच्या बैलांपुढे टाकलंत आणि गाजरगवत खड्ड्यात पुरलंत. माझे वर्षाचे मार्क दोन बैल डोळे मिटून रवंथ करत होते. तुम्ही मात्र स्टँडवरच्या बूथवरून नांदेडला आईला फोन लावलात, "तुझ्या पोरीची अब्रू झाकून आलो," आणि अहमदपूरच्या बसमध्ये बसलात.

सर आले. टी-४ची पाटी दोनदा वाचली. मग त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "मामांनी." "का?" मी म्हटलं, "प्रेमानं." सर म्हणाले, "प्रेमाला माझ्याकडे मार्क नाहीत. नवी मुलं येण्याआधी इथं गवत दिसलं पाहिजे, नाहीतर प्रात्यक्षिकात भोपळा." जाता जाता त्यांनी मिहिरला बोलावून तुमचं काम दाखवलं आणि म्हणाले, निंदणी कशाला म्हणतात ते बघून ठेव. मिहिर तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मला वाटलं, गवतच ते, पावसाचे दिवस, आठवड्यात येईल. मामा, एक पातं आलं नाही. मी दोन्ही वेळा पाणी घालते. सरांचं म्हणणं, औषध फवारलेल्या प्लॉटमध्ये याहून जास्त गवत आहे, आणि तुमचा हात बाटलीत भरून विकता आला तर कॉलेजला अनुदान लागणार नाही. काल एक हिरवा कोंब दिसला म्हणून मी नाचत गेले, तर ते चुकून पडलेलं सोयाबीन निघालं. आधीचं सोयाबीन तर इतकं तरारलंय, की येणारेजाणारे थांबून विचारतात, खत कोणतं घातलं. मी सांगते, मामा घातला.

यात तुमची काही चूक आहे असं मी म्हणत नाही. सर म्हणतात. मी नाही. उलट माझी लाज वाचावी म्हणून तुम्ही नव्या धोतरावर चिखलात बसलात, हे मी सगळ्या वसतिगृहाला सांगितलंय (आता सगळं वसतिगृह तुम्हाला बघायला उत्सुक आहे, रेक्टरबाई सोडून). मेसमध्ये भगर तयार झाल्याचा वास येतोय, तेव्हा इथंच थांबते.

मामींना नमस्कार, कालवडीला दुरून नमस्कार.

तुमची भाची,
पुनम

ता. क. सिंधूच्या सामानाचं राहिलंच. अंथरूण, पांढरा एप्रन, जुने बूट, खुरपं (तुमचं नको, साधं), आणि बादल्या दोन. एक आंघोळीची. दुसऱ्या बादलीत आणि सोबत एका ओल्या पोत्यात गवत आणावं, मुळासकट, मातीसकट, मिळेल त्या जातीचं, गाजरगवत जरा जास्त. पुढच्या सोमवारी नवी मुलं येतात, त्याच्या आत आलं तर मी पास. पोतं बसमध्ये सीटखाली ठेवा आणि हात कितीही शिवशिवला तरी वाटेत निवडत बसू नका.

ता. क. दुसरा. तुमच्या रानात गवत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी सिंधूला आधीच कार्ड टाकून लिंबाजीकाकांकडे पाठवलं होतं. (तिला रागावू नका, हसू दाबून तिचं पोट दुखतंय.) काकांचा निरोप आला. "लागंल तेवढं न्या म्हणावं, गाडीभर न्या. पर आप्पासायबानं सोता धुऱ्यावर यावं अन् म्हणावं, लिंबाजी, तुझ्या रानातलं गवत दे." मागताना हसायचं नाही, अशीही अट आहे.

ता. क. तिसरा. सिंधू लिहिते, की हा निरोप दिल्या दिवसापासून लिंबाजीकाका रोज संध्याकाळी नवी टोपी घालून धुऱ्यावर येऊन बसतात आणि तुमच्या घराकडे बघत राहतात.