मामांच्या जंगलात हरणांची सोय

ती. नॉर्बर्टमामांना लाईलचा, गुडघ्याला धक्का न लावता, साष्टांग नमस्कार.

ॲरिझोनाच्या उन्हाने गुडघा वठणीवर आला असेलच. (मामी अजून जेवणात मीठ मोजून देतात का?) इकडे विस्कॉन्सिनात आम्ही मजेत. मजेत कसले, हवेत आहोत! मामा, जंगल विकायचं आधी डोक्यातून काढा. "यंदाही मोठा शिंगाळा नर दिसला नाही तर लाकूडवाल्याला देऊन टाकतो," म्हणाला होतात ना? दिसला! मी या डोळ्यांनी पाहिला!

झालं असं, की आपलं जंगल म्हणजे वर दाट छप्पर आणि खाली मोकळं अंगण. हरणांनी खायचं काय आणि लपायचं कुठे? म्हणून मार्चमध्ये तुमची चेनसॉ काढली आणि मेपलची कोवळी झाडं कमरेइतक्या उंचीवर अर्धी कापून आडवी लवंडवली. (अर्धीच. सालीला धरून राहिली की जगतात आणि हरणांच्या तोंडाशी पालवी फुटते.) हात बसल्यावर मला थांबवेना. आमची सौ. मार्लीन ओरडत होती, "अरे, जेवायला तरी ये, जंगल कुठे पळून जात नाहीये!" पण माझ्या अंगातच आलं होतं.

हरणं आली, आणि राहिलीच. शिकारीच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी मी अंधारातच तुमच्या मचाणावर चढलो. उजाडताना कळप चरून परतला आणि माझ्याच आडव्या झाडांत, माझ्याच पायाखाली रवंथ करत बसला. दिसतात नुसते कान! गोळी झाडावी तर फांद्या, उतरावं तर सगळी उधळणार. दुपारपर्यंत मी वर, ती खाली. (कागद वाजेल म्हणून सँडविचही खाल्लं नाही.) तेवढ्यात तो उठला. दहा टोकांची शिंगं, मामा! हातात बंदूक आहे हेच विसरलो. मग आठवलं, चाप ओढला, आणि शिकार झाली ती मेपलची.

आवाज ऐकून शेजारचा क्रूगर कुंपणाशी आला आणि पोट धरून हसला. "काय रे लाइल्या, हरणांना बंगला बांधलास, आता भाडं तरी वसूल कर!" संध्याकाळी आपल्या शिकारीच्या खोपटात, नेम चुकणाऱ्यासाठीच्या रीतीप्रमाणे, माझ्या शर्टाचं शेपूट कापून भिंतीला ठोकलं. (नेम चुकलेल्यांत तुमचेही तुकडे आहेत, मी मोजले नाहीत.) कात्री मार्लीनने चालवली. शर्टही तिनेच वाढदिवसाला दिलेला होता.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
लाईल

ता. क. : तुमची चेनसॉ सुखरूप आहे. एका मेपलमध्ये अडकली आहे, एवढंच.

ता. क. दुसरा : मार्लीनला सांगू नका, पण दुसऱ्या दिवशी तो शिंगाळा उघड्यावर, अगदी माझ्यासमोर आला. बंदूक भरलेली होती, नेमही धरला होता. मी मारला नाही. मारला असता तर तुम्ही फोनवर शाबासकी देऊन तिकडेच बसला असतात. ओकच्या झाडाखाली जमिनीवर झोपडी बांधली आहे, गुडघ्याला एकही पायरी नाही, आत तुमची खुर्ची मांडली आहे. पुढच्या मोसमाला या, मामा. तुमच्याशिवाय खोपटात करमत नाही.